झूम आऊट... मिरजोळ्यात!

ऑफिसातून घरी आलात, जेवण उरकलंत, आणि 'पंधरा मिनिटंच' असं स्वतःला बजावत टॅब्लेट उघडलात. समोर पांढराशुभ्र कॅनव्हास, हातात स्टायलस, आणि डोक्यात? शून्य! मग काय, एखादं ट्युटोरियल लावायचं. एक संपलं की दुसरं. बारा वाजेपर्यंत चार व्हिडिओ बघून होतात, तेरा नवे ब्रश डाउनलोड होतात, आणि कॅनव्हास तसाच पांढरा. सकाळी पुन्हा आठ-बाराची लोकल, नाहीतर हिंजवडीचा ट्रॅफिक.

डिजिटल आर्टचा छंद असलेल्या प्रत्येकाला ही रात्र ओळखीची आहे. बरं, काढतो तरी काय आपण? निऑन दिव्यांचं पावसाळी शहर, डोळे मोठे असलेली मुलगी, धुक्यातला किल्ला. म्हणजे ट्युटोरियलवाल्याने जे काढलं तेच. त्यात २०२२ पासून चित्रं तयार करणारी एआयची टूल्स सर्रास आली. एक ओळ टाइप करा, दहा सेकंदांत तुमच्यापेक्षा गुळगुळीत चित्र तयार! 'मग मी का काढू?' हा प्रश्न प्रत्येक हौशी चित्रकाराला कधी ना कधी पडतोच, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

त्याचं उत्तर आणखी एका ट्युटोरियलमध्ये नाही. ते निदान अर्धंमुर्धं तरी मिरजोळ्यात सापडेल. हो, मिरजोळे! गणपतीपुळे नाही, तारकर्ली नाही. रत्नागिरी शहराला खेटून असलेलं, टूरिस्टांच्या कुठल्याच यादीत नसलेलं गाव.

एमआयडीसी, विमानतळ आणि सडा

रत्नागिरीकरांना मिरजोळे म्हटलं की आधी एमआयडीसी आठवते. शेड्स, कंपाउंड वॉल, टेम्पो. शेजारी विमानतळ. म्हणजे 'कोकण' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे पोस्टकार्ड येतं, त्यातलं इथे पहिल्या झटक्यात काहीच दिसत नाही. आणि हाच या गावाचा मोठा फायदा आहे. पोस्टकार्ड नसलं की बघावं लागतं!

मेन रोड सोडून वाडीत शिरलात की चित्र बदलतं. जांभ्या चिऱ्यांची घरं, मंगलोरी कौलं, पडवी, पुढे खळं. दोन वाड्यांना जोडणारी चिऱ्यांच्या पायऱ्यांची पाखाडी. कलमांच्या बागेभोवती चुन्या-सिमेंटशिवाय रचलेला दगडांचा गडगा. आणि वर चढलात की सडा. सडा म्हणजे जांभ्या कातळाचं उघडं, सपाट पठार. झाड नाही, सावली नाही, फक्त दगड आणि आभाळ. सातबाऱ्यावर अशा जमिनीची नोंद बऱ्याचदा 'पोटखराब' अशी असते. म्हणजे पिकाच्या कामाची नाही ती. चित्राच्या कामाची आहे की नाही, हे सातबारा सांगत नाही.

मी तिथे एका गडग्यासमोर बसून स्केच करत होतो, तेव्हा एक आजोबा थांबले. थोडा वेळ स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाले, "एवढं काय काढताय? दगडच तो." मग जाता जाता वळून म्हणाले, "पावसात बघायला या. ओला झाला की कापलेल्या सुपारीसारखा दिसतो." झालं! कलर थिअरीचा अख्खा कोर्स दोन वाक्यांत.

लाल म्हणजे लाल नव्हे

जांभा तयार होतो तो मुळात काळ्या बेसॉल्टपासून. हजारो-लाखो वर्षं ऊन-पावसाच्या माऱ्याने मूळ खडकातली बरीचशी द्रव्यं वाहून जातात आणि लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइड्स मागे उरतात. लोह गंजतं, म्हणून लाल. १८०७ साली फ्रान्सिस बुकानन याने केरळात या दगडाला 'लॅटेराइट' असं नाव दिलं, ते लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून. कारण खाणीतून काढताना हा दगड इतका मऊ असतो की विटेसारखा कापता येतो, आणि हवा लागली की घट्ट होत जातो.

आता प्रयोग. ताज्या कापलेल्या चिऱ्यासमोर बसा आणि फोटो न काढता, आयड्रॉपर न वापरता, नुसत्या डोळ्यांनी त्याचे पाच रंग निवडा. मग फोटो काढून आयड्रॉपरने तपासा. गंमत बघा! जिथे तुम्ही झोकात भडक लाल लावलाय, तिथे विटकरी-तपकिरी आहे. मध्येच पिवळ्या मातीचे ठिपके आहेत, जांभळट शिरा आहेत. सावलीत तर लाल जवळजवळ संपतोच, उरतो करडा-निळसर तपकिरी. कारण उघड्यावरच्या सावलीवर आभाळाचा प्रकाश पडलेला असतो. आपल्या मेंदूला 'जांभा लाल असतो' हे पाठ आहे, म्हणून डोळ्यांना दिसलं तरी हात ऐकत नाही.

एक सूचना मात्र लक्षात ठेवा. फोनचा कॅमेरा ऑटो व्हाइट बॅलन्सने स्वतःच्या मनाने रंग 'सुधारतो'. म्हणजे आयड्रॉपर सांगतो तो रंग दगडाचा नसतो, फोनच्या मताचा असतो. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी डोळा, मग आयड्रॉपर, आणि दोघांचं भांडण झालं तर पुन्हा दगड.

हीच कथा हिरव्याची. पावसाळ्यातलं कोकण काढताना नवशिके एकच झगझगीत हिरवा सगळीकडे फासतात आणि चित्र प्लॅस्टिकचं दिसायला लागतं. उपाय साधा. हिरव्यात किंचित मातीचा लाल मिसळा. तो शांत होतो, आणि लाल-हिरवे एकमेकांना ओळखायला लागतात. इथल्या मातीत ते ओळखतातच, पानापानावर लाल चिखलाचे शिंतोडे असतात.

भर दुपारची शिकवणी

सगळी ट्युटोरियल्स सांगतात, फोटो काढायचे तर 'गोल्डन अवर'ला, चित्र काढायचं तर संध्याकाळी. एकदा मुद्दाम दुपारी बारा वाजता सड्यावर जा. टोपी, पाणी घ्या आणि फार तर वीस मिनिटं बसा. डोक्यावर ऊन, त्यामुळे सावल्या पायाखाली गोळा झालेल्या. सगळं एका पातळीवर आलेलं. इथे 'मूड' फुकट मिळत नाही, व्हॅल्यूज शोधाव्या लागतात.

डोळे किलकिले करा. किती छटा उरतात? आभाळ सगळ्यात फिकं, कातळ मधला, दूरच्या कलमांची रांग गडद. बस, तीन! या तीन करड्यांत आधी चित्र बसवा, रंग नंतर. रंगवताना तपासायची एक झटपट युक्तीही आहे. सगळ्यात वर एक लेयर घ्या, तो काळ्याने भरा आणि त्याचा ब्लेंडिंग मोड 'कलर' करा. खालचं अख्खं चित्र क्षणात कृष्णधवल दिसतं. आपण लावलेले तीन सुंदर रंग प्रत्यक्षात एकाच करड्याचे आहेत, हे तेव्हा कळतं. लेयर बंद केला की रंग परत. क्रिता असो, फोटोशॉप असो की प्रोक्रिएट, ही युक्ती सगळीकडे चालते. क्रिता तर चकटफू आहे, तेव्हा 'सॉफ्टवेअर महाग' ही सबब बाद.

तेरा ब्रशेस डिलीट करा

डाउनलोड केलेले ब्रश आपले नसतात. स्वतःचा ब्रश बनवायचा असेल तर मिरजोळ्यासारखी जागा नाही. जांभ्याला भोकं असतात, नळ्या असतात, मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी असते. ढगाळ हवेत, म्हणजे कडक सावली नसताना, दगडाचा समोरून सरळ फोटो घ्या. कृष्णधवल करा, कॉन्ट्रास्ट वाढवा, छोटा तुकडा कापून त्याचा ब्रश टिप तयार करा. तीन-चार जागचे तीन-चार तुकडे घेतलेत की मस्त सेट होतो. ताजा चिरा, जुन्या गडग्यावरचा शेवाळलेला दगड, हजारो पावलांनी गुळगुळीत झालेली पाखाडीची पायरी.

आणि मग तो ब्रश कमीत कमी वापरा! टेक्स्चर उजेड आणि सावलीच्या सीमेवर जास्त दिसतं. भर उजेडात ते धुऊन जातं, गडद सावलीत बुडतं. म्हणून त्या सीमेवर चार फटकारे पुरेत, बाकी दगड बघणाऱ्याचा डोळा पूर्ण करतो. पूर्ण भिंतभर शिक्का मारलात की ती भिंत राहत नाही, वॉलपेपर होतो.

थ्रीडीची खुमखुमी असेल तर आणखी एक खेळ आहे. गडग्याच्या एका भागाचे सगळ्या कोनांतून, एकमेकांवर चढणारे पन्नासेक फोटो घ्या आणि फोटोग्रामेट्रीच्या सॉफ्टवेअरमध्ये टाका. दगडाचं थ्रीडी मॉडेल तयार होतं. ते ब्लेंडरमध्ये उघडा, हव्या त्या बाजूने दिवा लावा आणि चित्राला संदर्भ म्हणून वापरा. ब्लेंडरही फुकटच.

पाऊस नावाचा लेयर

रत्नागिरीत वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तेव्हा सडा ओळखू येत नाही. कातळाच्या खळग्यांत पाणी, पाण्याच्या कडेने गेंदाचे पांढरे गोळे, निळी-जांभळी सीतेची आसवं, चिकट थेंबांनी किडे पकडणारी दवबिंदू वनस्पती. 'पोटखराब' जमिनीवर हे सगळं! पाऊस सरला की गवत सोनेरी होतं, आणि मग महिन्याभरात पुन्हा काळा दगड. एकाच जागेची चार चित्रं काढायची तर वर्षातून चार वीकेंड पुरतात.

पावसाची सर येताना सड्यावर उभे राहिलात तर लेयर्स म्हणजे काय ते निसर्गच दाखवतो. सगळ्यात मागची टेकडी आधी पुसट होते, मग मधली झाडं, मग समोरचं घर. लांबच्या वस्तूचा कॉन्ट्रास्ट कमी, रंग आभाळाकडे झुकलेला, कडा विरलेल्या. प्रत्येक अंतरासाठी एक वेगळा लेयर घ्या आणि दोन लेयर्सच्या मध्ये आभाळाच्याच रंगाचा एक पातळ, मऊ ब्रशचा थर द्या. एवढ्यावर पाऊस पडतो. थेंबांच्या तिरक्या रेघा मारायची गरज नाही.

याचा खरा गुरू हवा असेल तर प्र. अ. धोंड यांची समुद्राची जलरंगचित्रं शोधून बघा. जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे ते डीन होते, आणि 'रापण' हे त्यांचं पुस्तकही वाचण्यासारखं. मोजके फटकारे, ओला कागद, आणि जिथे उजेड हवा तिथे चक्क कोरा सोडलेला पांढरा. आपल्याकडे लाखो रंग आणि शेकडो लेयर्स आहेत. पण कुठे थांबायचं याचं बटण अजून कुठल्याच अ‍ॅपमध्ये आलेलं नाही.

ज्यांना अनडू नव्हतं...

आता या ट्रिपचा कळसाध्याय. मिरजोळ्याहून गाडी काढा आणि उक्षीला, नाहीतर जांभरुणला जा. कोकणच्या सड्यांवर आदिमानवाने कोरलेली चित्रं आहेत, कातळशिल्पं. हत्ती, गेंडे, मासे, पक्षी, माणसं, आणि काही नुसत्याच भौमितिक नक्षी. रत्नागिरी-सिंधुदुर्गात मिळून आजवर हजाराच्या वर आकृती सापडल्या आहेत. कशेळीचा हत्ती साधारण १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांच्या डझनावारी आकृती कोरलेल्या आहेत! गेंडा आज कोकणात नाही. म्हणजे ज्यांनी तो कोरला त्यांच्या माहितीतलं जग आपल्यापेक्षा पार वेगळं होतं. उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, कुडोपी आणि गोव्यातलं फणसामळ अशा नऊ ठिकाणांचा २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत समावेश झाला.

डिजिटल आर्टिस्टने ही चित्रं बघताना एकच गोष्ट मनात ठेवावी. यातलं मोठं चित्र जमिनीवर उभं राहून नीट दिसतच नाही. रेघ दिसते, खाच दिसते, आकृती दिसत नाही. ती कळते वरून, म्हणजे आज ड्रोनमधून किंवा उंच मचाणावरून. कोरणाऱ्यांकडे यातलं काही नव्हतं. आपण दर दहा सेकंदांना दोन बोटं चिमटीत धरून झूम आऊट करतो, ते कधीच करू शकले नाहीत. अख्खा हत्ती डोक्यात धरून त्यांनी पायाखालची एकेक वीत कोरली. आणि अनडू? दगडात कसला अनडू!

म्हणून तिथून परतल्यावर एक व्यायाम करा. कॅनव्हास मोठा घ्या. एकच ब्रश, एकच जाडी, एकच रंग. झूम करून फक्त एक कोपरा दिसेल असं ठेवा आणि झूम आऊट न करता, अनडू न करता एक प्राणी पूर्ण काढा. आपली म्हैस चालेल, गल्लीतला कुत्रा चालेल. पहिल्या प्रयत्नात एक पाय हमखास कॅनव्हासबाहेर जातो. पाचव्या-सहाव्या प्रयत्नात मात्र काहीतरी बदलतं. आकार हातात यायच्या आधी डोक्यात येतो. ड्रॉइंग सुधारणं म्हणतात ते हेच.

आणि आता सगळ्यात भारी गोष्ट. ही कातळशिल्पं मोठ्या प्रमाणावर उजेडात आणली कुणी? रत्नागिरीचे सुधीर रिसबूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. रिसबूड पेशाने इंजिनिअर, पक्षी बघत फिरण्याचा छंद. काही कातळचित्रं पाहिल्यावर ही मंडळी हट्टाने सडे तुडवायला लागली, गावोगावी लोकांना विचारत सुटली. गुराखी, म्हातारी माणसं, शाळेतली पोरं, ज्यांना कुणाला 'तिकडे दगडावर काहीतरी आहे' हे ठाऊक होतं, ते सगळे त्यांचे गुरू झाले. पुढे पुरातत्त्व खातं आलं, परदेशी पत्रकार आले, युनेस्को आलं. सुरुवात मात्र हौसेतून झाली. 'छंदाने काय होतं?' असं कुणी विचारलं तर हे उदाहरण तोंडावर मारा!

काढायचं कशासाठी?

ही चित्रं हजारो वर्षं ऊन-पावसात टिकली, कारण सड्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. आता आहे. चिरेखाणी, रस्ते, प्लॉट, प्रकल्प. कातळ हा कोकणात बांधकामाचा मालही आहे आणि मोकळी जागाही. मिरजोळ्याचंच बघा ना, एका बाजूला एमआयडीसी, दुसरीकडे वाढतं शहर. ते चूक की बरोबर हा वेगळा विषय. गावच्या पोरांना नोकऱ्या हव्यातच, आणि शनिवार-रविवारी येणाऱ्या आपण त्यांना 'जसं आहे तसं ठेवा' असं सांगणं सोपं असतं. पण जे बदलतंय ते बदलण्याआधी कुणीतरी नीट बघून ठेवायला हवं, एवढं तर नक्की.

आणि इथेच 'मी का काढू?'चं उत्तर मिळतं. इमेज जनरेटरला 'कोकण' सांगा, तो बहुतेक वेळा नारळ, समुद्र आणि होडी देतो, कारण जगात तेच फोटो जास्त आहेत. सड्याचे, गडग्यांचे, एमआयडीसीच्या कुंपणापर्यंत आलेल्या गेंदफुलांचे फोटो कमी आहेत, चित्रं तर त्याहून कमी. ज्याचं चित्रच कुणी काढलेलं नाही, ते मशीन शिकणार कुठून? तुमचं चित्र गुळगुळीत नसेल, पण ते तिथे बसून बघितलेलं असेल. कापलेल्या सुपारीचा तो रंग आजोबांनी सांगितला म्हणून मला दिसला. कुठल्याही ब्रश पॅकमध्ये तो नव्हता.

जायचं कसं, न्यायचं काय

*रेल्वे:* मुंबईहून कोकण रेल्वेने रत्नागिरी. मांडवी, जनशताब्दी, कोकणकन्या, तुतारी हे पर्याय आहेत. पावसाळ्यात वेळापत्रक बदलतं, बुकिंगआधी तपासा. स्टेशन शहराबाहेर आहे, तिथून रिक्षा मिळते. पुणेकरांनी कोल्हापूरमार्गे आंबा घाट उतरावा, घाटातलं धुकं हा बोनस!

*मुक्काम:* रत्नागिरी शहरात सगळ्या बजेटची हॉटेलं आहेत. घरगुती जेवण मिळालं तर सोडू नका. घावणे-चटणी, कुळथाची पिठी, सोलकढी.

*दोन दिवस:* शनिवारी सकाळी वाडी आणि गडगे, दुपारी वीस मिनिटं सडा, संध्याकाळी थिबा पॅलेस. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा या वाड्यात राहिला आणि १९१६ मध्ये रत्नागिरीतच वारला. पर्स्पेक्टिव्हच्या सरावाला इमारत झकास. रविवारी कातळशिल्पं.

*बॅगेत:* पॉवर बँक, टॅब्लेटसाठी झिप असलेली प्लॅस्टिकची पिशवी, आणि एक साधी वही-पेन्सिल. भर उन्हात स्क्रीन काही म्हणता काही दिसत नाही. पायात चांगले बूट. रत्नागिरीचा सडा म्हणजे फुरशाचं घर, दगड उचलून बघायचा उत्साह नको.

*रीतभात:* सडा मोकळा दिसला तरी कुणाच्या तरी मालकीचा असतो, वाडीत विचारून जा. कातळशिल्पावर पाय ठेवू नका, रेघा उठून दिसाव्यात म्हणून खडू किंवा रंग तर अजिबात नको. ड्रोन घरीच ठेवा. मिरजोळ्याला विमानतळ शेजारी आहे आणि परवानगीशिवाय उडवणं कायद्यात बसत नाही.

वरून बघायची इतकीच हौस असेल तर कातळशिल्पाच्या कडेला बसा, डोळे मिटा आणि अख्खा हत्ती डोक्यात धरून बघा. जमलं तर टॅब्लेट उघडा. नाही जमलं तर पुढचा वीकेंड आहेच!